आधीची दुखणी

यंदाच्या उन्हाळ्यात सांगलीहून ताईचा फोन आला. शेजारच्या सुनेनं आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन अकरा किलो वजन उतरवलं होतं. ताईचं वय त्रेसष्ट, वजन ब्याण्णव. "तू एवढी औषधांची जुनी कागदपत्रं चाळतोस, मग सांग बघू, मला हे चालेल का?" एवढं विचारून तिनं आपली दुखणी मोजून दाखवली. पंधरा वर्षांचा मधुमेह, हृदयात एक स्टेंट, थायरॉइडची गोळी, आणि डॉक्टरांनी मागेच सांगितलेला डोळ्याच्या पडद्यावरचा थोडासा बिघाड.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. पण तिचा प्रश्न माझ्या विषयातलाच होता. वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. या औषधांचं भलंबुरं बहुतेक वेळा ठरलं ते रुग्णाच्या आधीच्या दुखण्यांवर, आणि त्या दुखण्यांची विचारपूस मात्र फार उशिरा झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, असं म्हटलं आहे की कृश आणि स्थूल या दोघांना एकच व्याधी झाली तर स्थूलाला ती अधिक पीडते. म्हणजे ज्याला वजन उतरवायचं आहे तो एकटं वजन घेऊन येत नाही, हे आपल्याकडे जुनंच ज्ञान आहे. औषधांच्या चाचण्यांत मात्र पुष्कळदा निवडून घेतली जातात ती त्यातल्या त्यात धडधाकट माणसं.

पहिली काही प्रकरणं थोडक्यात सांगतो. 1933 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी डायनायट्रोफेनॉल हे रसायन वजन उतरवतं असं दाखवलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हेच रसायन वापरलं जाई आणि तिथले कामगार त्यानं दगावतही. तरी अमेरिकेत बघता बघता लाखभर लोकांनी ते घेतलं. 1935पासून तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले आणि 1938च्या कायद्यानं ते बाजारातून गेलं. पुढे फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन यांची जोडगोळी आली. 1997 साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी चोवीस बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं नोंदवलं. त्यांच्यापैकी कुणालाही आधी हृदयविकार नव्हता. सप्टेंबरात फेनफ्लुरामिन मागे घेण्यात आलं.

आधीच्या दुखण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं उघडा पडला तो रिमोनाबांटच्या वेळी. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर गांजा काम करतो त्याच ग्राही अडवून भूक मारणारं हे औषध. युरोपनं 2006 साली त्याला परवानगी दिली. चाचण्यांतून गंभीर मानसिक आजाराची माणसं वगळलेली होती. बाहेरच्या जगात ती कोण वगळणार? लठ्ठपणा आणि नैराश्य तर अनेकदा हातात हात घालूनच दवाखान्यात येतात. 2007मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीनं औषध एकमतानं नाकारलं, 2008च्या ऑक्टोबरात युरोपनं विक्री थांबवली आणि 2009च्या डिसेंबरात भारतानंही बंदी घातली.

सगळ्यांत बोधप्रद प्रकरण मात्र सिब्युट्रामिनचं, आणि ताईची यादी ऐकताना मला आधी तेच आठवलं. 1997 साली अमेरिकेत परवानगी मिळालेलं हे औषध नाडी आणि रक्तदाब थोडा चढवी. म्हणून ज्यांना हृदयविकार आहे त्यांना ते देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं होतं. पुढे युरोपच्या आग्रहावरून एक मोठी चाचणी झाली. तिच्यात पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाची 9,804 माणसं होती. सगळी वजनदार, आणि प्रत्येकाला हृदयरोग, मधुमेह किंवा दोन्ही. थोडक्यात, माहितीपत्रकानं दाराबाहेर ठेवलेली पुष्कळशी माणसं या चाचणीनं आत घेतली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे प्रसंग औषध घेणाऱ्यांत 11.4 टक्के निघाले आणि न घेणाऱ्यांत 10 टक्के.

या दोन आकड्यांवरून वाद झाला. उत्पादकांची बाजू अशी की ज्यांना देऊ नका म्हणून आम्हीच सांगितलं त्यांनाच देऊन औषधाला दोष का लावता? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण युरोपच्या नियामकांनी उलट बाजूनं विचार केला. हे औषध घ्यायला येणारी माणसंच अशी, की त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांहून जास्त. कित्येकांच्या रोगाचं तर निदानही झालेलं नसणार. मग कागदावरची सूचना कुणाला वाचवणार? मला स्वतःला नियामकांचं म्हणणं पटतं. 2010च्या जानेवारीत युरोपनं, ऑक्टोबरात अमेरिकेनं आणि 2011च्या फेब्रुवारीत भारतानं या औषधाला निरोप दिला.

शेजारच्या सुनेचं इंजेक्शन या घराण्यातलं नाही. ते आलं मधुमेहाच्या वाटेनं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवतं. अडचण अशी की रक्तात ते दोन-चार मिनिटांतच विरून जातं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जॉन एंग या संशोधकाला गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत तशाच कामाचं, पण टिकाऊ द्रव्य सापडलं. हे 1992 सालचं. त्यावरून बेतलेलं औषध 2005 साली मधुमेहासाठी आलं. सेमाग्लुटाइड हे मात्र मानवी संप्रेरकातच फेरफार करून बनवलेलं; आठवड्यातून एकदा टोचलं की पुरतं. भारतात 2025च्या मार्चमध्ये टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं, आणि ही गोष्ट सांगलीच्या चाळीपर्यंत पोचली.

सिब्युट्रामिननं सगळे पोळलेले असल्यामुळे या वेळी आधीच्या दुखण्यांना मुद्दाम विचारण्यात आलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 17,604 माणसं होती, सगळ्यांना हृदयरोग किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आधीपासूनच. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयाचे गंभीर प्रसंग 6.5 टक्के, न घेणाऱ्यांत 8 टक्के. तेरा वर्षांपूर्वी जे दुखणं औषध नाकारण्याचं कारण होतं, तेच आता देण्याचं कारण ठरत होतं.

हे वाचून ताईला लगेच फोन करावा असं वाटलं होतं. पण चाचणीत कुणाला घेतलं हे वाचायची सवय आड आली. या चाचणीतून मधुमेही वगळलेले होते. ताईचं हृदय त्या यादीत बसत होतं, तिची साखर बसत नव्हती.

मधुमेह आणि हृदय दोन्ही असलेल्यांसाठी 2016ची चाचणी पाहावी लागते. तिच्यात 3,297 मधुमेही होते आणि बहुतेकांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार. हृदयाला तिथंही फायदा दिसला. पण डोळ्याच्या पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत 3 टक्के निघाल्या, न घेणाऱ्यांत 1.8. त्यातले बहुतेक असे, की ज्यांचा पडदा आधीच बिघडलेला होता. साखर फार वेगानं खाली आली तर असं होतं, हे इन्सुलिनच्या बाबतीत पूर्वीही दिसलेलं आहे.

मी ताईला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. पडद्याची तपासणी औषधाच्या आधी करावी का, आणि साखरेची ती ग्लिमेपिराइडची गोळी तशीच चालू ठेवली तर साखर एकदम उतरेल का? डॉक्टरांनी दोन्ही मान्य केलं. तपासणीला पाठवलं आणि गोळीचा डोस पुढे बघू म्हणाले. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का?

ताईची रोजची थायरॉइडची गोळी इथं आड येत नाही. लोक त्यालाच घाबरतात, पण इशारा आहे तो मेड्युलरी नावाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा. उंदरांत या औषधांनी तशा गाठी झाल्या. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही, तरी ज्यांच्या रक्ताच्या नात्यात तो रोग आहे त्यांना हे इंजेक्शन देत नाहीत, कारण तो पुष्कळदा पिढीजात उतरतो.

आमच्या आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं, मी तेव्हा शाळेत होतो. गाठ होती, एवढंच घरात बोललं जाई. कसली, ते कुणी मुलांना सांगितलं नाही. आत्या त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. ताई म्हणाली, "तुझी पुराभिलेखागारं पुरे झाली, आता बाबांची ट्रंक उघड."

दोन रविवार गेले. वीजबिलं, रेशनकार्डं, जमिनीचे उतारे, बाबांनी जपलेली सगळ्यांची प्रगतिपुस्तकं. शेवटी आत्याच्या पेन्शनच्या पासबुकात चार घड्या घातलेला, कडा पिवळ्या पडलेला टंकलिखित कागद मिळाला. मी शेवटची ओळ आधी वाचली. पॅपिलरी असं लिहिलं होतं. त्याचा फोटो काढून ताईला पाठवला. पडद्याच्या तपासणीची तिची तारीख पुढच्या मंगळवारची आहे.