धुळीचा रंग, शिंप्याची सुई

सध्या माझं पोस्टिंग पश्चिम राजस्थानात आहे. मे-जूनमध्ये इथे दुपारनंतर आँधी सुटते. ती ओसरल्यावर पाहावं तर गाडीचं बॉनेट, तंबू, खेजडीचं झाड, गेटवरच्या संत्रीची टोपी, सगळं एकाच रंगाचं झालेलं असतं. फारसी-उर्दूत धुळीला ‘खाक’ म्हणतात आणि धुळीच्या रंगाचं ते ‘खाकी’. मराठीत हा शब्द आपण पोलिसांना देऊन टाकला आहे. पण लष्करी गणवेशाचा रंग म्हणून तो रुजला आपल्याच उपखंडात, एका फौजी अधिकाऱ्याच्या डोक्यातून, आणि पुढे जगभरच्या सैन्यांनी तो उचलला.

नागरी मित्र मला नेहमी चिडवतात, ‘तुमचं बरं आहे, रोज तेच कपडे. फॅशनची भानगडच नाही.’ मला उलट वाटतं. लाखो माणसांनी सियाचेनच्या वाटेपासून थरच्या वाळूपर्यंत घालायचा, त्यात धावायचं, रांगायचं, झोपायचं, प्रसंगी त्यातच मरायचं, असा पोशाख बेतणं हे डिझायनरच्या कामातलं फार अवघड काम आहे. तिथे बेत चुकला तर हसं होऊन भागत नाही, माणूस जातो. गणवेशाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा रुबाब आणि उपयोग यांच्यातल्या भांडणाचा इतिहास आहे.

१८४० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पोशाख विलायतेतल्या परेड ग्राउंडसाठी बेतलेला होता. लाल कोट, छातीवर पांढरे आडवे पट्टे, उंच जड टोपी, गळ्याभोवती मान ताठ ठेवणारा चामड्याचा पट्टा. काळ्या दारूच्या बंदुकांच्या धुरात आपला कोण नि शत्रूचा कोण हे ओळखायला लाल रंग कामाचा होता, हे मान्य. पण पंजाबच्या उन्हात तो कोट म्हणजे भट्टीच. देशी शिपायालाही तोच साज चढवला जाई. त्याचं अंग, त्याची चाल, त्याचा मुलूख यांचा विचार त्या कटिंगमध्ये कुठेच नव्हता.

डिसेंबर १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या पंचविशीतल्या अधिकाऱ्याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ उभी केली. कल्पना लाहोरचा रेसिडेंट हेन्री लॉरेन्स याची. सरहद्दीचा मुलूख जाणणारी, बातमी काढणारी आणि वेळ आली तर लढणारी छोटी तुकडी हवी होती. घोडदळाचा एक ट्रूप आणि पायदळाच्या दोन कंपन्या, एवढाच सुरुवातीचा पसारा. पठाण, पंजाबी, गुरखे, ज्याला वाटा ठाऊक तो भरती.

या माणसांना लाल कोट घालून उपयोग काय? वाटाड्या दोन कोसांवरून दिसला तर तो वाटाड्या कसला? लम्सडेनने त्यांना त्यांच्या मुलखात घालतात तसेच सैल कपडे दिले आणि त्यांना जमिनीचा रंग दिला. पहिलं सुती कापड नदीवर नेऊन चिखलात मळलं, असं सांगतात. खुरट्या ताडाच्या पानांचा रंग वापरल्याचंही सांगतात. दोन्ही गोष्टींत मुद्दा एकच. रंग वरून हुकूम म्हणून आला नाही, पायाखालून उचलला गेला.

लम्सडेनचा सहकारी होता विल्यम हॉडसन. पुढे १८५७ मध्ये बहादूरशाह जफरला हुमायूनच्या मकबऱ्यातून कैद करणारा आणि शहजाद्यांना गोळ्या घालणारा तो हाच. त्याने इंग्लंडमधल्या आपल्या भावाला पत्र लिहून मातकट रंगाचं कापड मागवलं. आपले शिपाई या धुळीच्या मुलखात दिसू नयेत, असा त्याचा हिशेब होता. आजच्या भाषेत याला डिझाइन ब्रीफ म्हणतील. वापरणारा कोण, कुठे वापरणार, कशासाठी वापरणार, ही तीन उत्तरं आधी आणि कापड नंतर.

बाकीच्या पलटणींनी गाइड्सना नाकं मुरडली. ‘चिखलात लोळलेली फौज’ कोणाला आवडणार? मग १८५७ चा उन्हाळा आला. लाल लोकरीत कूच करणं अशक्य झालं, तेव्हा गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे सुती कपडे मिळेल त्यात बुडवले. चहा, कॉफी, चिखल, शाई, काहीही. एकाच कंपनीत दहा छटा दिसत, पण माणसं निदान चालू शकत होती. धोका टळल्यावर बरेच जण पुन्हा लाल-पांढऱ्याकडे वळले. सैन्यात रुबाब सहजासहजी मरत नाही.

त्या मागे फिरण्याला रुबाबाइतकंच आणखी एक साधं कारण होतं. खाकी टिकत नव्हती. चार धुण्यांत कापड फिकट व्हायचं. कोणाचा पिवळट, कोणाचा गुलाबीसर, अशी पलटण परेडवर उभी राहिली की कर्नलसाहेबांचा पारा चढायचा. हे दुखणं आजही ओळखीचं आहे. कुठल्याही युनिटच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघा. नव्या रिक्रूटची पँट आणि जुन्या नायकाची पँट सारखी दिसत नाही. १८८४ मध्ये लँकेशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या फ्रेडरिक गॅटीने पक्क्या खाकी रंगाचं पेटंट घेतलं. लोह आणि क्रोमियमचे क्षार धाग्यातच बसवण्याची ती रीत. ऊन, घाम आणि धोब्याचा दगड या तिघांना पुरून उरणारा रंग पहिल्यांदा मिळाला आणि खाकीचा मार्ग मोकळा झाला. फॅशनच्या गोष्टींत डिझायनरचं नाव होतं, रंगाऱ्याचं होत नाही. पण लम्सडेनची कल्पना जगभर पोचली ती या रसायनाच्या पाठीवर बसून.

डिसेंबर १८८५ मध्ये सुदानमधल्या गिनिसला ब्रिटिश शिपाई लाल कोटात शेवटचे लढले असं मानतात. तोवर युद्धच बदलू लागलं होतं. धूर न करणारी दारू आली, लांब पल्ल्याच्या रायफली आल्या. दिसला तो मेला, असा हिशेब झाला. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी तो धडा गोऱ्या फौजेला नीटच शिकवला आणि १९०२ मध्ये ब्रिटनमधल्या फौजेलाही खाकीच सर्व्हिस ड्रेस मिळाला. पेशावरच्या धुळीतून निघालेल्या रंगाला लंडनला पोचायला साडेपाच दशकं लागली.

फ्रेंचांनी मात्र ऐकलं नाही. त्यांच्या पायदळाची लाल विजार ही राष्ट्राची शान होती. ती बदलण्याचे प्रयत्न झाले, पण विरोध मोठा होता. ऑगस्ट १९१४ मध्ये निळा डगला आणि लाल विजार घालून त्यांचे तरुण जर्मन मशीनगनसमोर उघड्या शेतांतून चालत गेले. एकट्या २२ ऑगस्टला त्यांचे सुमारे २७,००० सैनिक पडले असं मानलं जातं. दोष फक्त विजारीचा नव्हता, डावपेचांचाही होता. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती, की शौर्य दिसलं पाहिजे. पुढच्याच वर्षी त्यांनी फिकट निळा रंग घेतला, आणि चित्रकारांना हाताशी धरून वस्तू लपवण्याचं वेगळं पथकही उभं केलं. ‘कॅमोफ्लाज’ हा शब्द तिथूनच सगळीकडे पसरला.

आपल्या माणसांची कहाणी वेगळी आणि मला जास्त टोचणारी. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदुस्थानी फौज मार्सेलच्या बंदरात उतरली. अंगावर खाकी होती, म्हणजे रंग बरोबर होता. पण कापड होतं उन्हाळी सुती. काही आठवड्यांत ती फौज फ्लँडर्सच्या चिखलात, पावसात आणि पुढे बर्फात उभी होती, आणि गरम कपडे उशिरा, तुटपुंजे मिळाले. लम्सडेनचे तीन प्रश्न आठवा. रंग निवडताना ते विचारले गेले होते, कापड देताना कोणी विचारले नाहीत. गणवेशाचा इतिहास वाचताना मी त्या फौजेची छायाचित्रं पाहतो तेव्हा नजर फेट्यांवर आणि मिशांवर जात नाही, आधी बाह्यांच्या कापडावर जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलाने खाकीलाही खोटं पाडलं. वाळवंटात माणूस लपवणारा रंग हिरव्या रानात त्याला उघडा पाडू लागला. आधी असलेली खाकी हिरवी रंगवली गेली, मग जंगल ग्रीन आला. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने ऑलिव्ह ग्रीन स्वीकारला आणि खाकी पोलिसांकडे राहिली. त्यानंतर आले ठिपक्यांचे, पट्ट्यांचे कॉम्बॅट ड्रेस.

इथे एक नवीन प्रश्न उभा राहिला, जो लम्सडेनला पडला नव्हता. ते कापड कोणालाही मिळू लागलं. छावणीच्या बाजारात, जत्रेत, रेल्वे स्टेशनबाहेर. हौशी पोरं घालत, ठेकेदाराचे रखवालदार घालत, तोवर आम्ही हसून सोडून देत होतो. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी आपल्याच फौजी पोशाखात आले होते. त्यानंतर सैन्याने लोकांना आणि दुकानदारांना जाहीर विनंती केली, हे कपडे घालू नका, विकू नका. अंधारात समोरून येणाऱ्या आकृतीवर बोट ट्रिगरवर ठेवून अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो. तिथे दोघांच्या अंगावर एकच छापा असेल तर त्या अर्ध्या सेकंदाची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डे परेडला पॅराशूट रेजिमेंटचे कमांडो जो नवा कॉम्बॅट पोशाख घालून उतरले, त्याला मी या इतिहासातलं मोठं पान मानतो. तो ‘निफ्ट’ने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, बेतला. प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी मिळून १२ जणांचा चमू. १५ नमुने आणि ८ प्रकारची कापडं तपासून निवड झाली. ऑलिव्ह आणि मातीच्या छटांचा बारीक चौकोनी डिजिटल छापा, ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिस्टर, आणि शर्ट पँटमध्ये न खोचता वर सोडायचा. महत्त्वाचं म्हणजे नमुन्याची नोंदणी सैन्याच्या नावावर आहे, मालकी दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षांनी वाढवता येणारी. परवानगीवाचून तो छापणं वा विकणं आता कायद्याच्या कचाट्यात येतं. पुढे निफ्टच्याच शिक्षकांनी दिल्लीत लष्करी आणि नागरी शिंप्यांची कार्यशाळा घेतली. पहिली ५०,००० जोडी कॅन्टीनच्या १५ डेपोंत गेली. त्यांत आपली खडकीही होती.

शिंप्यांची कार्यशाळा ही बातमी बहुतेकांनी वाचलीही नसेल. मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटली, कारण गणवेश अखेर ठरतो तो छावणीतल्या शिंप्याच्या मशीनवर. आमची तरुण पोरं नवा ड्रेस मिळाला की पहिल्या रविवारी टेलरकडे पळतात. ‘साब, थोडा फिटिंग करवाया.’ कंबर आत, दंड आवळलेले, पँटची मोरी निमुळती. आरशात पोरगा हिरो दिसतो. पण बगलेत, गुडघ्यात आणि पाठीवर ठेवलेली ती ढिलाई वाया गेलेलं कापड नव्हे. रायफल खांद्याला लावताना हात उचलला जावा, रांगताना शिवण उसवू नये, आत हवा खेळावी, उन्हात घाम सुकावा, यासाठी ती मोजून ठेवलेली असते. फिटिंगमध्ये शिंपी तीच कापून टाकतो.

मी पोरांना रागवत नाही, समजावतो. तोरा हवाच, तो नसलेला सैनिक मला नको आहे. खडकवासल्याच्या ‘पुट्टी परेड’मध्ये काही मिनिटांत एकामागून एक पोशाख बदलताना आम्हा कॅडेटांनाही एक गोष्ट कळून चुकली होती. सगळ्यांचे कपडे सारखे असले की माणूस आपली ओळख बारीक जागांत शोधतो. बेरेटचा कोन, बुटाची चमक, इस्त्रीची धार. गुरखा पलटणीचा जवान हॅट उजवीकडे कलती घालतो, तेवढ्या कलानेही तो शंभरांत उठून दिसतो. आणि वर चढावं तसं तेही सुटतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरचे अधिकारी सगळे एकसारखा पोशाख घालतात. बेरेटचा रंग, बिल्ले, बक्कल, बूट एकच, आणि खांद्यावरची रेजिमेंटची दोरी गेली. तीस वर्षं जपलेली पलटणीची खूण त्या दिवशी पेटीत ठेवावी लागते. सगळ्यांचा सेनापती व्हायचं तर एकाच पलटणीचं दिसून चालत नाही.

तेव्हा तोरा टोपीवर ठेवा, बुटात ठेवा, चालीत ठेवा. कापडात ठेवू नका. कापड बेतणाऱ्याने तिथे तुमच्यासाठी जागा सोडली आहे, आणि ती जागा कुठे सोडायची हे शिकायला सैन्यांना बरीच माणसं गमवावी लागली आहेत.