बांधावरची वाट

मुंबई-गोवा हायवेने वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की गडब लागतं. एसटीत बसलेल्या माणसाला उजव्या हाताला नुसती सपाटी दिसते. पावसाळ्यात हिरवी, उन्हाळ्यात भेगा पडलेली. त्या सपाटीच्या टोकाला खाडी आहे. अंबा नदी सह्याद्रीतून उतरून पाली, नागोठणे करीत येते आणि आमच्या बाजूला रुंद होत धरमतरच्या खाडीत जाते. नदी कुठे संपली नि खाडी कुठे लागली, ते पाणी जिभेवर घेतल्याशिवाय सांगता यायचं नाही.

हा आमचा खारेपाट. माणसानं बांध घालून खाडीकडून घेतलेली ही जमीन. बांधाच्या बाहेर भरतीचं पाणी, आत भातशेती, आणि मोठ्या उधाणाला बाहेरचं पाणी आतल्या शेतापेक्षा उंच. त्यामुळे रस्ता असा वेगळा नव्हताच. पावसाळाभर शेतात गुडघाभर चिखल, कोरडी पट्टी काय ती बांधाचीच. ‘वाटेनं जा’ आणि ‘बांदानं जा’ ह्यांत आमच्या लहानपणी फरक नव्हता. बाजाराला, शाळेला, सुईणीला बोलवायला, डोक्यावर गणपती घेऊन यायला, सगळं बांधावरून. आणि आम्ही पोरं चालत कधी जातच नव्हतो. अनवाणी पळायचं. ओल्या बांधावर टाच टेकली की माणूस घसरलाच; पायाची बोटं चिखलात रोवत पळायचं, आणि खाडीकडची कड सोडून आतल्या कडेनं, कारण बाहेरची कड लाटेनं खालून पोखरलेली असते.

बांध आधी घातले कुणी, त्याचा शोध घेतला तर फार मागे जावं लागतं. पेण भागात अशा जमिनींना शिलोत्री म्हणत. इंग्रजांच्या काळच्या कुलाबा गॅझेटियरमध्ये हा शब्द आहे. शिलोत्रीदार बाहेरच्या बांधाची जबाबदारी घ्यायचा आणि त्याबदली सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरलेलं भात कुळाकडून वसूल करायचा. भात त्याच्या कोठारात गेलं, चिखल मात्र आमच्या वाडवडलांनी उचलला. पुढे १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांनी शेतकऱ्यांचा संप उभा केला. तो १९३९ पर्यंत चालला. मग कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, आणि आमच्या आजाच्या नावावर जमीन लागली. हा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. बांधावरच्या पायांचा इतिहास मात्र कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याकडे जोळ नावाची पद्धत होती. ज्यांची शेतं एका बांधाच्या आसऱ्याला, त्या सगळ्यांनी मिळून तो बांध राखायचा. ज्याची जमीन जास्त, त्याच्या वाट्याला काम जास्त. मे महिन्यात चिखलाची ढेकळं कापून हातोहात पुढे द्यायची नि बांधावर थापायची. पण खरी राखण पावसाळ्यात. चिंबोऱ्या आणि उंदीर बांधाला भोकं पाडतात. भोकातून पाणी झिरपतं, धार लागते, धारेची खांड होते. अंगठ्याएवढं भोक एका भरतीत बैलगाडी जाईल एवढं होतं. रोज शंभर माणसं ज्या बांधावरून जातात तिथे भोक लपत नाही. कुणाचा तरी पाय त्यात जातो, तो शिवी देतो, दोन ढेकळं टाकतो, टाचेनं दाबतो आणि पुढे जातो. त्यासाठी कुणाला हुकूम लागत नव्हता.

अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पोरांची नेमणूक व्हायची. एक उघाडीवर, एक लांबच्या वळणावर. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडायचं दार. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की बाहेरचं पाणी ते आपोआप मिटवतं. धोका केव्हा, तर वरून नदीला पूर आणि त्याच वेळेला उधाण. दार मिटलेलं, आतलं पाणी अडलेलं, बांध दोन्ही बाजूंनी भिजतो. १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याला ज्या पुरानं हाहाकार केला, तो ह्याच अंबेचा. त्या रात्री आमच्या बांधावर कुणी झोपलं नाही.

मी तेरा-चौदा वर्षांचा असताना लांबच्या वळणावर होतो. पाऊस असा की कंदील टिकेना. पायाखाली बांध हलल्यासारखा वाटला आणि आतल्या अंगाला पाण्याचा आवाज आला. मी पळालो. चालत पाऊण तासाची वाट, त्या दिवशी किती वेळात गेलो ते देव जाणे. गावाच्या पहिल्या घराशी ओरडलो, “खांड परली रं, चला बांदाव!” बापूस, काका, बायका, सगळे निघाले. पेंढ्याचे भारे, बांबू, कुणी तर घराचं जुनं दार काढून घेतलं. ओहोटी लागल्यापासून हातात सहा तास असतात. त्यात बुजवलं तर बुजवलं, नाहीतर पुढची भरती बांध दुप्पट फोडते. आम्ही सकाळपर्यंत बुजवली. काही शेतांत खारं पाणी शिरलं होतं. तिथे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाईपर्यंत भात धड होत नाही, खाऱ्या जमिनीत टिकणारं बी लावलं तरी.

खार जमिनींचा पहिला कायदा मुंबई राज्यात १९४८ ला झाला आणि महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा १९७९ ला. बांध सरकारी योजनेत गेले, दगडी पिचिंग झालं, काही ठिकाणी सिमेंटच्या उघाड्या आल्या. ह्यात वाईट काही नव्हतं. शेतकऱ्यांच्या पाठीवरचं ओझं उतरलं. पण जोळही त्याच सुमारास सुटली. त्याच वर्षांत वाड्यांपर्यंत डांबरी आली, मिनीडोर आली, पोरं कंपन्यांत लागली. बांधावरून जायचं कारणच संपलं. मला विचाराल तर बांध पैशाअभावी फुटले हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की भोक पडलेलं बघायला तिथे पाय नव्हता. भोक जूनमध्ये पडतं, अर्ज जुलैमध्ये जातो आणि माणूस दिवाळीनंतर येतो.

मुलीनं मला हॉलंडबद्दल वाचून दाखवलं होतं. तिथेही समुद्रापेक्षा खोल जमीन आणि बांध. जुन्या काळी तिथे प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा आपला तुकडा असे. ज्याला तो राखणं झेपेना, त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून जायचं. जो फावडं उपटेल, त्याची जमीन नि त्याचा बांध. कडक कायदा. आमच्याकडे फावडं न रोवताच माणसं निघून गेली.

आता खांड पडून राहिली तर काय होतं? भरतीबरोबर तिवराचं बी आत येतं. पाच-सात वर्षांत डोक्याच्या वर रान. २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली मुंबई हायकोर्टानं तिवरं तोडायला कडक मनाई केली. मला ते पटतं. बांधाच्या बाहेरची तिवरं लाट अडवतात, जिताडा नि कोलंबी त्यांच्याच मुळांत वाढते. पण बांधाच्या आतलं तिवर माझ्या भाताच्या जागी उभं आहे. माझ्या सातबाऱ्यावर भातशेती आणि शेतात जंगल. बांध दुरुस्त करायला मशीन न्यायचं तर वाटेत तिवरं. अशी पडीक दिसणारी जमीन मग विकायला काढायला सोपी जाते. सेझच्या वेळी हेच होणार होतं. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं, तेव्हा लोक जमीन द्यायला तयार नव्हते, कारण ती पिकत होती.

इतक्यात बांधावर पुन्हा पाय दिसू लागलेत, ते पोलीस भरतीमुळे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. हायवेवर ट्रेलर, गावात कुत्री. म्हणून पहाटे पाचला बांधावर. उघाडीपासून पोरांनी टेप लावून अंतर मोजलंय आणि चुन्याच्या खुणा केल्यात. माझी पुतणीही पळते, बूट घालून. मी म्हटलं अनवाणी पळ, पकड येते. तिनं ऐकलं नाही. रविवारी कधीमधी मुंबई-पनवेलचे हौशी धावणारेही येतात. एकानं विचारलं, “काका, पाणी किती वाजता चढतं?” त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्या सुमाराला भरती पुरी, खाडीत आत आलात तर थोडी उशिरा. तो मोबाइलवर बघून म्हणाला, जवळजवळ बरोबर आहे की.

गेल्या श्रावणात पुतणी घामेजून घरी आली. “काका, दुसऱ्या वळणाच्या अलीकडं पानी झिरपतंय. माझा बूट आत गेला.” त्या दिवशी द्वादशी होती, उधाणाला तीन दिवस. तिच्याबरोबरची सहा पोरं, मी, शेजारचे दोघं म्हातारे गेलो. मातीच्या पंचवीस गोण्या लागल्या. मी फक्त गोण्या कशा रचायच्या ते सांगत होतो, कंबर चालत नाही आता. भरतीला तिथेच बसून पाहिलं. थेंब आला नाही.

उघाडीपासून दुसऱ्या वळणापर्यंत सध्या पळता येतं. त्यापुढे जुनी खांड आहे, पलीकडे तिवरं आहेत, आणि त्या पलीकडच्या बांधावर मी किती वर्षांत गेलेलो नाही. पोरं तिथून माघारी फिरतात.