रणभूमी, पडदा आणि उंबरठा : युद्धेतिहास व स्त्रीचित्रण यांचा अन्योन्यसंबंध

युद्धाचा इतिहास आणि युद्धाचा चित्रपट ही दोन भिन्न कथनरूपे असली, तरी स्त्रीला कोठे उभे करावयाचे याविषयी त्यांच्यात एक मूक सहमती आढळते. ही सहमती कशी घडली हे पाहावयाचे तर प्रारंभ मराठवाड्यातूनच करता येतो.

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेकडील परतूर तालुक्यात आष्टी हे गाव आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले जेथे धारातीर्थी पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होऊ नये. मात्र याच जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, केळणा व जुई या नद्यांच्या संगमालगत, असईचे रणक्षेत्र आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूच्या हानीचा आकडा १,५८४ असा तंतोतंत नोंदला गेला. जिंकलेल्या तोफाही मोजल्या गेल्या. छावणीबरोबर चालणाऱ्या स्त्रियांची मात्र अशी मोजणी झाली नाही. शिंद्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या पलटणींपैकी काही सरधन्याच्या बेगम समरूच्या होत्या, म्हणजे एका स्त्रीच्या मालकीचे कवायती सैन्य या रणात उपस्थित होते. युद्धेतिहासात ही बाब बहुधा तळटीपेपुरतीच उरते. ज्या कथनाचे एकक पलटण, तोफ आणि मृतांची संख्या हे असते, त्यात स्त्रीचे अस्तित्व अपवाद म्हणूनच नोंदले जाणे अटळ होते.

चित्रपटाने ही चौकट जशीच्या तशी स्वीकारली नाही. त्याने तिला भावनेची जोड दिली. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत हे विशेषत्वाने दिसते. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि महाराष्ट्रात लष्करी अस्मितेला नवी धार आली. १९६४ साली आलेल्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये सुलोचना यांनी जिजाबाई साकारली. त्याच वर्षीच्या चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’ने समकालीन युद्धालाच हात घातला आणि त्यातील लडाखी तरुणीला थेट रणभूमीवर मरण दिले. मराठी पडदा मात्र वर्तमान युद्धाला सतराव्या शतकाच्या वेषातून सामोरा गेला. या वेषांतरात स्त्रीच्या वाट्याला आली ती पुत्राला घडवणाऱ्या मातेची भूमिका. १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबाविरुद्धचे युद्ध ताराबाईंनी चालवले. परंतु जिजाऊंचे वात्सल्य पडद्यावर जितके वारंवार येते, तितके ताराबाईंचे सेनानेतृत्व येत नाही. मातृत्व युद्धाला नैतिक अधिष्ठान देते. स्त्रीचे नेतृत्व मात्र त्या अधिष्ठानाची फेरतपासणी करावयास लावते.

या संदर्भात दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचा दाखला अधिक बोलका आहे. त्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले, चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा पडली आणि युद्धप्रयत्नांना पूरक अशा निर्मितीची अपेक्षा बाळगली गेली. या परिस्थितीत व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट काढला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पडद्यावर या स्त्रीची भूमिका जयश्री यांनी केली.

शांतारामांनीच १९३७ मध्ये ‘कुंकू’त शांता आपटे यांच्या नीरेकरवी विवाहसंस्थेला उघड नकार वदवला होता. नऊ वर्षांनंतरच्या या युद्धपटात स्त्री नकार देत नाही. ती उंबरठा ओलांडून आत येते. चित्रपटाच्या अखेरीस ही चिनी विधवा तान्ह्या मुलाला घेऊन पतीच्या घरी पोहोचते, आणि दिवंगत पतीचा स्वर तिला वाट दाखवतो. हा प्रसंग हृदयस्पर्शी आहे, यात शंका नाही. वास्तवात मात्र क्वो छिंगलान चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या भारतात आल्या त्या पाहुण्या म्हणून; २०१२ मध्ये त्यांचे निधन चीनमध्येच झाले. युद्धकाळात जखमींची शुश्रूषा करणारी, स्वतःच्या देशाच्या प्रतिकारात सामील झालेली ही स्त्री चित्रपटाने अखेरीस एका भारतीय घराची सून केली.

हा बदल केवळ नाट्यमयतेसाठी झाला असे म्हणून भागणार नाही. फिल्मच्या नियंत्रणामुळे युद्ध हा विषय पुढे आला. राष्ट्रीय चळवळीमुळे त्याला साम्राज्यापेक्षा निराळा नायक मिळाला. पण स्त्रीची जागा ठरवताना या दोहोंपेक्षा कुटुंबकथेचा जुना संकेत प्रभावी ठरला. युद्धेतिहासाने स्त्रीला वगळले होते; चित्रपटाने तिला सामावून घेतले, परंतु तिच्या कर्तृत्वाचे स्थळ बदलून. वगळणे निदान उघड असते, त्याविषयी प्रश्न विचारता येतो. सामावून घेतल्यावर प्रश्नच उरत नाही, म्हणून हे दुसरे विस्मरण अधिक टिकाऊ असते.

मराठी चित्रपटसमीक्षेने ऐतिहासिक चित्रपटाची चर्चा बहुधा इतिहासाशी असलेल्या प्रामाणिकतेच्या निकषावर केली : पेहराव बरोबर आहे काय, सनावळी जुळते काय. असईची बेगम समरू आणि चीनमधील क्वो छिंगलान ही दोन उदाहरणे एकत्र वाचली असता निराळा निकष हाती येतो. युद्ध संपल्यावर कथन स्त्रीला कोठे नेऊन ठेवते, हा तो निकष होय. तो लावल्यास इतिहासग्रंथ आणि चित्रपट या दोहोंनाही एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.