वेरूळ ते संभाजीनगर, रोज ६० किलोमीटर: इलेक्ट्रिक कार नवी घ्यावी की जुनी?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या आणि या शहराची देशभर चर्चा झाली. २०२२ मध्ये याच शहरातल्या उद्योजकांनी आणि रहिवाशांनी पुन्हा एकदा एकत्र येऊन गाड्यांची सामूहिक खरेदी ठरवली. या वेळी गाड्या इलेक्ट्रिक होत्या. 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' या उपक्रमात दोनशेहून अधिक ई-गाड्यांसाठी नावं नोंदवली गेली.

त्या काळात रस्त्यावर आलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आता सेकंडहँड बाजारात दिसू लागल्या आहेत. त्यामुळे वेरूळ, खुलताबाद, कन्नड या पट्ट्यातून रोज शहरात ये-जा करणाऱ्यांसमोर एक नवा प्रश्न आहे. कर्ज काढून शोरूममधून नवी गाडी घ्यायची, की निम्म्या-पाऊण किमतीत तीन-चार वर्षं जुनी? चुकीचा निर्णय झाला तर कुटुंबाची काही लाखांची बचत अडकू शकते. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ.

जुनी ईव्ही इतकी स्वस्त का मिळते?

बहुतेकांना वाटतं, बॅटरी खराब झाली असणार. पण मोठं कारण वेगळं आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १३.९९ लाख रुपये होती. बॅटरी होती ३०.२ किलोवॅट-तासांची आणि कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये याच गाडीचं ४५ किलोवॅट-तासांचं मॉडेल आलं. कागदावरची रेंज ४८९ किलोमीटर आणि सुरुवातीची किंमत पुन्हा १३.९९ लाखच!

म्हणजे साडेचार वर्षांत त्याच पैशांत दीडपट बॅटरी मिळू लागली. नवी गाडी इतकी सुधारली की जुनीची किंमत आपोआप उतरली. याचा अर्थ जुनी गाडी निकामी झाली असा होत नाही. ती फक्त कमी अंतर जाते. म्हणून पहिला प्रश्न असा: आपल्याला रोज किती अंतर जायचंय?

वेरूळचा हिशेब काय सांगतो?

वेरूळ ते छत्रपती संभाजीनगर साधारण ३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६०. वाटेत दौलताबाद ते खुलताबाद हा घाट आहे. चढावर बॅटरी जास्त खर्च होते. उतारावर मोटर उलट काम करून थोडी वीज बॅटरीत परत पाठवते. पण चढाला गेलेली सगळी वीज परत येत नाही.

३० किलोवॅट-तासांची जुनी गाडी पूर्ण चार्जवर प्रत्यक्षात १८० ते २०० किलोमीटर गेली, तरी रोजच्या ६० किलोमीटरसाठी ती पुरून उरते. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली की सकाळी तयार. त्यासाठी वायरिंग आणि अर्थिंग मात्र पक्कं हवं. अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर सुरूच होत नाहीत.

आता खर्च बघू. समजा, घृष्णेश्वर मंदिराजवळ दुकान असलेलं एक कुटुंब महिन्याला १,५०० किलोमीटर गाडी चालवतं. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर १०० लिटर लागतील. १०५ रुपये दराने १०,५०० रुपये झाले. इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट धरले तर महिन्याला २२५ युनिट. घरच्या वापरात ही भर पडल्याने बिल वरच्या टप्प्यात जाईल, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. खर्च येतो २,७०० रुपये. म्हणजे दरमहा ७,८०० आणि वर्षाला ९३,६०० रुपये वाचतात.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ही बचत नव्या आणि जुन्या, दोन्ही ईव्हीत जवळपास सारखीच आहे. 'पेट्रोल वाचेल' हे कारण ईव्ही घेण्यासाठी ठीक आहे, पण नवीच घेण्यासाठी ते पुरेसं नाही. नवी गाडी पाच-सहा लाखांनी महाग पडत असेल, तर त्या जादा पैशांत फक्त दोन गोष्टी विकत घेतल्या जातात: जास्त रेंज आणि जास्त वॉरंटी.

बॅटरी खरंच लवकर खराब होते का?

मोबाइलचा अनुभव सगळ्यांना असतो, त्यामुळे भीतीही तीच. पण कारच्या बॅटरीचं तापमान आणि चार्जिंग सांभाळणारी स्वतंत्र यंत्रणा गाडीत असते. कॅनडातल्या जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये हजारो ईव्हींच्या माहितीचं विश्लेषण केलं. त्यात बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्क्यांनी कमी होताना दिसली. हा आकडा परदेशातल्या गाड्यांचा आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. सतत फास्ट चार्जिंग आणि पूर्ण चार्ज करून दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवणं यानेही बॅटरी लवकर झिजते. म्हणून एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची तब्येत वेगळी असू शकते.

वॉरंटीतली मेख कुठे आहे?

भारतात बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी असते. ती मोजली जाते पहिल्या मालकाच्या खरेदीपासून. म्हणजे २०२२ ची गाडी आज घेतली तरी वॉरंटी २०३० लाच संपणार.

किलोमीटरची अटही विसरू नये. वर्षाला १८ हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीची वर्षं आधी संपतील. वर्षाला ५० हजार चाललेल्या टॅक्सीची वॉरंटी सव्वातीन वर्षांतच संपते.

हल्ली नव्या गाड्यांच्या जाहिरातीत 'लाइफटाइम बॅटरी वॉरंटी' असं लिहिलेलं असतं. एमजी विंडसर आणि महिंद्राच्या बीई ६ यांसारख्या गाड्यांवर ती मिळते, पण फक्त पहिल्या मालकाला. गाडी विकली की दुसऱ्या मालकासाठी वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागू होते. त्यामुळे जुनी गाडी विकणारा 'लाइफटाइम आहे' म्हणाला तर वॉरंटीचं पुस्तक उघडून बघावं.

वॉरंटीबाहेर पूर्ण बॅटरी बदलायची वेळ आली तर तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा असू शकतो. खरी जोखीम इथे आहे.

कर आणि सवलती कोणाला?

नव्या ईव्हीवर ५ टक्के जीएसटी आहे. जुनी ईव्ही एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला थेट विकली तर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत डीलरकडून घेतली तर १८ टक्के लागतो, पण तो डीलरच्या नफ्यावर. डीलरने ६ लाखांना घेऊन ७ लाखांना विकली तर कर १ लाखावर, म्हणजे १८ हजार रुपये.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. ही माफी गाडीच्या वयावर अवलंबून नाही. वेरूळहून जवळच्या माळीवाडा इंटरचेंजवरून समृद्धीला लागणाऱ्या जुन्या ईव्हीलाही ती लागू होते. ईव्ही कर्जाच्या व्याजावरची कलम ८० ईईबीची प्राप्तिकर सवलत मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठीच होती. नव्या कर्जाला ती मिळत नाही. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजदर सहसा जास्त असतो, हेही हिशेबात धरावं.

जुनी घेण्याआधी काय तपासावं?

• बॅटरीची तब्येत: कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून 'स्टेट ऑफ हेल्थ' म्हणजे उरलेल्या क्षमतेचा लेखी रिपोर्ट मागावा.

• घाटाची चाचणी: गाडी १०० टक्के चार्ज करून, एसी लावून संभाजीनगर-वेरूळ-संभाजीनगर फेरी मारावी. ६० किलोमीटरला ३० टक्के चार्ज संपला तर पूर्ण चार्जवर गाडी २०० किलोमीटर जाईल. स्क्रीनवर दिसणारी रेंज हा फक्त अंदाज असतो.

• गाडीचा तळ: बॅटरी खालच्या बाजूला असते. गाडी लिफ्टवर घेऊन तळाला मार लागलाय का, पाणी शिरल्याच्या खुणा आहेत का, ते बघावं.

• आधीचा वापर: खासगी ईव्हीच्या हिरव्या नंबरप्लेटवर पांढरी अक्षरं असतात, टॅक्सीच्या प्लेटवर पिवळी. प्लेट नंतर बदललेली असू शकते, म्हणून आरसी आणि सर्व्हिसच्या नोंदी जुळवाव्यात.

• चार्जर: गाडीसोबत मिळालेला मूळ चार्जर ताब्यात घ्यावा.

• कागदपत्रं: मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

मग कोणी काय घ्यावं?

घरी चार्जिंगची सोय आहे, रोजचं अंतर १०० किलोमीटरच्या आत आहे आणि वॉरंटीची किमान तीन-चार वर्षं बाकी आहेत, तर जुनी ईव्ही फायद्याची ठरू शकते. घरात लांबच्या प्रवासासाठी दुसरी गाडी असेल तर आणखी चांगलं.

वारंवार पुण्याला जावं लागत असेल तर गणित बदलतं. संभाजीनगरहूनच पुणे २३५ किलोमीटरच्या आसपास आहे. लहान बॅटरीच्या गाडीला वाटेत थांबावंच लागेल. अजिंठ्याला जाऊन-येऊनही शहरातून जवळपास २०० किलोमीटर होतात. पर्यटकांना फिरवण्याचा व्यवसाय असलेल्यांनी किंवा गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असणाऱ्यांनी मोठ्या बॅटरीची नवी गाडी बघावी. व्यवसायासाठी घेताना व्यावसायिक वापराच्या वॉरंटीच्या अटी वेगळ्या वाचाव्यात.

आणि रिपोर्ट द्यायला किंवा घाटाची चाचणी करू द्यायला विकणारा तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी सोडून द्यावी.