डोंगरातल्या बोकडात लोह जास्त असतं का? मावळातल्या शेळीपालकांसाठी माहिती

वडगाव मावळ : आखाडात मटणाला मागणी वाढली की "डोंगरात चरलेला बोकड आहे, लोह जास्त" असं सांगून चार पैसे जादा मागितले जातात. घरात कुणाचं रक्त कमी असेल तर गिऱ्हाईक ते देतंही. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

शंभर ग्रॅम कच्च्या मटणात साधारण ३ मिलिग्रॅम लोह आणि ४ मिलिग्रॅम जस्त असतं. कॅल्शियम नावालाच, ते हाडात. चारा बदलला म्हणून मांसातलं लोह-जस्त फारसं हलत नाही, जनावराचं शरीर ते सांभाळून ठेवतं. तांबं मात्र काळजात साठतं, त्यामुळे खुराकाचा फरक तिथं दिसतो. सेलेनियम तेवढं मांसातही उतरतं.

लोहावर खरा परिणाम वयाचा. मांसाला लाल रंग देणाऱ्या द्रव्यातच लोह असतं आणि वयाबरोबर हा रंग गडद होतो. डोंगरात फिरणारा बोकड हळू वाढतो, उशिरा कापला जातो. म्हणजे जादा लोह असलंच तर ते डोंगरापेक्षा वयाचं. कोवळ्या करडाचं मटण मऊ, पण लोह कमी. काळजात ते मांसापेक्षा जास्त असतं. तरी गरोदर बाईनं काळीज वरचेवर खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मटण खाल्लं म्हणून बंद करू नयेत.

मग चाऱ्याचं काय? लोणावळ्याकडच्या धो धो पावसात मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. भाताच्या पेंढ्यात फॉस्फरस कमी, शिवाय त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. नुसत्या पेंढ्यावरच्या शेळ्या माती चाटतात, हाडं चघळतात. ही कमतरता मटणात नाही, गोठ्यात दिसते : शेळी वेळेवर माजावर येत नाही, करडं अशक्त निपजतात. पेंढ्याला शेवरी-सुबाभळीच्या पाल्याची जोड द्यावी आणि मोठ्या शेळीला रोज १० ते १५ ग्रॅम खनिज मिश्रण. कळपात मेंढ्या असतील तर पिशवीवर तांब्याचं प्रमाण आधी बघावं. शेळीला चालणारं तांबं मेंढीला विषासारखं बाधू शकतं.