पाळण्यातलं आठवं

मालेगावात उतरा. नाशिकचं नव्हे, आपलं वाशिमचं. पण तुम्ही ज्या सालात उतरलात त्यात वाशिम जिल्हाच नाही. तो व्हायला अजून 27 वर्षं आहेत. हा अकोला जिल्हा, मार्च 1971. मध्यावधी निवडणूक उरकलीय, होळीची राख थंडावलीय आणि शिरगणतीचे गुरुजी कागदांचं भेंडोळं काखेत मारून दारोदार फिरताहेत. तुम्ही त्यांच्या मागे मागे.

ओसरीवर म्हातारी ज्वारी पाखडतेय.

"माय, घरात माणसं किती?"

"सात. अन् हे पाळण्यातलं धरलं त आठ."

"धराच लागते."

गुरुजी आठ लिहितात. तो आकडा नीट पाहून ठेवा. अशा घराघरांची बेरीज होऊन महाराष्ट्र भरतो 5,04,12,235. त्याला 288 आमदारांनी भागा, मग हजाराने. उत्तर 175.

आता थेट 18 जुलै 2022, मुंबईचं विधान भवन. राष्ट्रपतिपदाचं मतदान चाललंय. मालेगाव ज्यात येतं त्या रिसोड मतदारसंघाच्या आमदाराच्या हाती गुलाबी मतपत्रिका (खासदारांची हिरवी) आणि निवडणूक आयोगाचं जांभळ्या शाईचं पेन. खिशातलं पेन चालत नाही. कोणापुढे 1 लिहिला ते विचारू नका, मतदान गुप्त आहे. पण तो 1 मोजताना 175 धरतात. गोव्याच्या आमदाराचा 20, सिक्कीमच्या आमदाराचा 7. गोव्याचे चाळीसच्या चाळीस आमदार एक झाले तरी 800. आपले पाच त्यांना भारी पडतात. अमेरिकेत अध्यक्ष निवडताना वायोमिंगसारख्या चिमुकल्या राज्यालाही सिनेटच्या दोन जागांपायी तीन मतं मिळतातच, माणसांच्या मानाने कितीतरी जास्त. आपल्याकडे अशी सूट नाही, आणि मला तेच रास्त वाटतं.

खटकतं ते दुसरंच. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने 1971 चा आकडा गोठवला. 2001 च्या 84 व्या दुरुस्तीने त्या गोठवणीची मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये, हा हेतू चांगलाच. पण गुरुजींचा कागद त्यामुळे पन्नास वर्षं उलटून गेली तरी चालूच आहे.

21 जुलैला निकाल लागतो: 6,76,803 मतमूल्य मिळवून द्रौपदी मुर्मू विजयी. पाळण्यातलं ते आठवं माणूस एव्हाना पन्नाशी ओलांडून गेलंय. महाराष्ट्राच्या 175 मध्ये मात्र ते अजून तान्हंच आहे, आणि त्याची लेकरं त्यात धरलेलीच नाहीत.