पट्टीची रुंदी कोणी ठरवली?

जुन्या ट्रान्झिस्टरचा बोर्ड उलटा करून पाहिला तर तांब्याच्या रेषा कशाही नागमोडी गेलेल्या दिसतात. जोड मिळाला, वीज पोहोचली, काम झाले. पण वाय-फायच्या बोर्डावर अँटेनाकडे जाणारी पट्टी मोजूनमापून आखलेली असते. काचतंतू आणि इपॉक्सीच्या, 1.6 मिलिमीटर जाडीच्या साध्या दुपदरी बोर्डावर ती सुमारे 3 मिलिमीटर रुंद ठेवतात. हा 3 आकडा कुठून आला याचा माग काढत गेले की आपण अटलांटिकच्या तळाशी पोहोचतो.

ऑगस्ट 1858 मध्ये त्या समुद्रातून टाकलेल्या पहिल्या तारेवरून व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेत पोहोचायला सुमारे 16 तास लागले. आतली तार आणि बाहेरचे खारे पाणी मिळून हजारो किलोमीटर लांबीचा एक कंडेन्सरच झाला होता! प्रत्येक खुणेसाठी तो भरायचा आणि रिता करायचा. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी याचे गणित आधीच मांडले होते. मात्र त्यात तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र धरलेले नव्हते.

ते धरले ऑलिव्हर हेविसाइड यांनी. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, चोविसाव्या वर्षी तारकंपनीतली नोकरी सोडलेली; घरी बसून हा माणूस गणिते करीत राहिला. ऊर्जा तारेच्या पोटातून नव्हे, तर भोवतालच्या जागेतून लहरीसारखी जाते आणि तार तिला केवळ वाट दाखवते, असे त्यांचे म्हणणे. इम्पीडन्स, म्हणजे संरोध, हा शब्द 1886 मध्ये त्यांनीच रूढ केला. टपाल-तार खात्यातले वजनदार अधिकारी विल्यम प्रीस यांना हे पटले नाही आणि 1887 मध्ये त्यांनी हेविसाइड बंधूंचा एक लेख अडवला. अनुभवी माणसाने गणिताला इतके घाबरावे याचे आम्हांला आजही नवल वाटते.

वर्गात हे दाखवायला दोन दोर पुरतात. जाड दोराला बारीक दोरी बांधून झटका द्या: गाठीपाशी लहरीचा काही भाग मागे फिरतो. वीजलहरीचेही तसेच. 50 ओहमच्या वाटेला 100 ओहमची वाट जोडली तर एक तृतीयांश दाब आणि एक नवमांश ऊर्जा परत येते. येथे मुले हमखास विचारतात, मग 50 ओहमच्या केबलला मीटर लावला तर 50 का दिसत नाही? कारण हा तांब्याचा रोध नव्हे. धावत्या लहरीतील विद्युत दाब आणि प्रवाह यांचे ते गुणोत्तर आहे, आणि ते वाहकांच्या आकारावर व मधल्या पदार्थावर ठरते.

बेल कंपनीच्या एस्पेनशीड आणि ॲफेल यांनी 1929 मध्ये समाक्ष केबलच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा हवाभरल्या केबलमध्ये 77 ओहमला क्षय सर्वांत कमी होतो, तर 30 ओहमला सर्वाधिक शक्ती नेता येते. रेडिओच्या कामात रूढ झालेले 50 या दोहोंच्या मधले.

केबल चपटी करून छापण्याची कल्पना अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या रॉबर्ट बॅरेट यांनी 1950 च्या सुमारास पुढे आणली: दोन पत्र्यांच्या मधोमध एक पट्टी. आयटीटीच्या ग्रीग आणि एंगलमन यांनी 1952 मध्ये वरचा पत्राच काढून टाकला. ही मायक्रोस्ट्रिप. स्वस्त खरी, पण तिचे क्षेत्र अर्धे हवेत, अर्धे बोर्डात. हिशेब किचकट, आणि ऊर्जाही बाहेर सांडते. पातळ पट्ट आणि हॅरल्ड व्हीलर यांची 1965 च्या सुमाराची सूत्रे आल्यावर तिचा जम बसला.

पट्टी रुंद केली की संरोध उतरतो, बोर्ड जाड केला की चढतो. इपॉक्सीच्या बोर्डावर रुंदी जाडीच्या जवळजवळ दुप्पट ठेवली की 50 ओहम मिळतात, म्हणून 0.8 मिलिमीटरच्या बोर्डावर पट्टी दीड मिलिमीटरची. खालचे तांबे मात्र अखंड हवे. तेथे खाच पडली की लहरीची परतीची वाट तुटते.

एफएमच्या 100 मेगाहर्ट्झला बोर्डावरील तरंगलांबी दीड मीटरहून जास्त असते, म्हणून दोन-तीन सेंटिमीटरची रेषा कशीही असली तरी सहसा चालते. 2.4 गिगाहर्ट्झला तीच तरंगलांबी 7 सेंटिमीटरच्या आसपास येते.